सी हॅरियर सिम्युलेटरमध्ये हवे असेल, तर मागणी कशी करावी

डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी नव्या विमानांच्या मागण्या सतत होत असतात, आणि त्यांत ब्रिटिश जेट विमानांची नावे हटकून येतात: हंटर, लाइटनिंग, बकानीर, जॅग्वार, सी हॅरियर. यांतल्या बहुतेक मागण्या एका वाक्यात संपतात. ‘अमुक विमान करा, आम्ही नक्की विकत घेऊ’ एवढेच त्यांत लिहिलेले असते. अशा वाक्यातून विमानावरचे प्रेम कळते, पण ते विमान बनवायचे की नाही हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्या हाती काहीच लागत नाही. या लेखात सी हॅरियर एफआरएस १ (ब्रिटिश नौदलाचे, हवेत अधांतरी थांबून सरळ खाली उतरू शकणारे जेट) हे एकच विमान घेऊन, सिम्युलेटरमध्ये विमान येण्यासाठी काय काय जुळून यावे लागते आणि मागणी करणाऱ्याने त्यातला कोणता भार उचलावा, हे समजावून सांगायचे आहे. हे विमान मला फार आवडते हे खरे आहे. पण ते निवडण्याचे मोठे कारण असे की, अशा मागणीत येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका विमानात भेटतात, आणि त्यांतल्या एका अडचणीचे उत्तर गोव्यात आहे.

आधी या सिम्युलेटरची रचना थोडक्यात पाहू. डीसीएसचा मूळ भाग फुकट मिळतो आणि त्यावर एकेक विमान मॉड्यूल म्हणून वेगळे विकत घ्यावे लागते. काही मॉड्यूल ईगल डायनॅमिक्स ही मूळ कंपनी स्वतः करते आणि बरीचशी मॉड्यूल तिच्याकडून परवाना घेतलेल्या स्वतंत्र कंपन्या करतात. पूर्ण दर्जाच्या मॉड्यूलमध्ये कॉकपिटमधले जवळजवळ प्रत्येक बटण खऱ्या विमानातल्यासारखे काम करते: इंजिन सुरू करण्याचा क्रम, इंधनाच्या टाक्यांची अदलाबदल, रडारची कळ, बिघाड झाला तर पेटणारा दिवा, सगळे काही. म्हणून ‘विमान करा’ याचा अर्थ ‘विमानाचे चित्र काढा’ असा होत नाही. त्या विमानाच्या आत जे जे घडते ते समजून घेऊन पुन्हा उभे करा, असा तो होतो.

यामुळेच मागणीतला पहिला शब्द महत्त्वाचा ठरतो. नुसते ‘हॅरियर’ म्हणून चालत नाही, कारण त्या नावाखाली निदान चार वेगवेगळी विमाने येतात. ब्रिटिश हवाई दलाचे जमिनीवरून उडणारे जीआर ३, ब्रिटिश नौदलाचे सी हॅरियर एफआरएस १, त्याचेच पुढचे रूप असलेले एफए २, आणि अमेरिकी मरीन दलाचे एव्ही-८बी. यांतले शेवटचे विमान डीसीएसमध्ये २०१७ पासून आहे. त्यामुळे सी हॅरियर मागणाऱ्याला पहिले उत्तर हेच ऐकावे लागते की, हॅरियर तर आहेच.

हे उत्तर का पुरेसे नाही हे मागणी करणाऱ्याला नीट सांगता आले पाहिजे. एव्ही-८बी हे कार्बन फायबरच्या मोठ्या पंखांसह नव्याने आखलेले, १९८० च्या दशकात सेवेत आलेले विमान आहे. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे ९.२५ मीटर आहे, सी हॅरियरचा अवघा ७.७ मीटर. डीसीएसमधल्या एव्ही-८बीमध्ये संगणकाचे पडदे आहेत, रात्री पाहण्यासाठी उष्णतेवर चालणारा कॅमेरा आहे, पण रडार नाही. त्याचे मुख्य काम जमिनीवरच्या सैनिकांना मदत करणे हे आहे. सी हॅरियरचे काम नेमके उलट होते. जहाजांच्या ताफ्यावर चालून येणारी विमाने शोधायची आणि पाडायची, यासाठी ते बनले. त्याच्या नाकात ब्लू फॉक्स नावाचे रडार बसवले, वैमानिकाला मागचे-पुढचे नीट दिसावे म्हणून कॉकपिट वर उचलून त्यावर फुगीर काच दिली, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने इंजिन गंजू नये म्हणून पेगॅसस इंजिनमधले मॅग्नेशियमचे भाग बदलले. नाव आणि घराणे एक असले, तरी सिम्युलेटर बनवणाऱ्याच्या दृष्टीने यात पुन्हा वापरता येण्यासारखे फारच थोडे आहे.

आता उड्डाणाकडे येऊ, कारण सी हॅरियरचा खरा कस तिथे लागतो. पेगॅसस इंजिनाचा झोत चार नळ्यांतून बाहेर पडतो. पुढच्या दोन नळ्यांतून पंख्याने ढकललेली थंड हवा येते, मागच्या दोन नळ्यांतून जळलेला गरम वायू. या चारही नळ्या एकत्र फिरतात, आणि थ्रॉटलच्या शेजारी असलेल्या एका दांडीने वैमानिक त्यांना मागे, खाली किंवा किंचित पुढेही वळवतो. नळ्या मागे असताना विमान इतर जेटसारखे उडते. त्या खाली वळल्या की पंखांऐवजी झोत विमानाला तोलू लागतो. मात्र वेग कमी झाल्यावर शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग निकामी होतात, कारण त्यांच्यावरून पुरेशी हवा जात नाही. म्हणून इंजिनातली दाबाची हवा नळीने नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांपर्यंत नेलेली असते, आणि तिथल्या छोट्या झडपांतून सोडलेल्या फवाऱ्यांवर विमानाचा तोल राखला जातो. ही हवा इंजिनातूनच घेतलेली असल्यामुळे, तोल सावरण्यासाठी जितकी जास्त हालचाल करावी तितका उचलण्याचा जोर घटतो. सिम्युलेटरच्या गणितात हा परस्परसंबंध आला नाही, तर विमान अधांतरी उभे राहील, पण हॅरियरसारखे नाही.

सर्वांत धोकादायक टप्पा साधारण ३० ते ९० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाच्या दरम्यान येतो. या वेगात विमान थोडे जरी आडवे सरकले, तरी इंजिनाच्या तोंडात शिरणारी प्रचंड हवा नाकाला आणखी बाजूला ओढते, एक पंख वर उचलला जातो आणि विमान उलटू शकते. म्हणून कॉकपिटच्या काचेसमोर, नाकावर एक लहानसे पाते बसवलेले असते. वाऱ्याबरोबर फिरणारे ते साधे पाते सरळ पुढे आहे ना, यावर वैमानिकाला लक्ष ठेवावे लागते. इतक्या गुंतागुंतीच्या यंत्रात असे साधे पाते जीव वाचवते ही गोष्ट मला अजूनही थक्क करते, आणि सिम्युलेटरमध्ये ते पाते नुसते रंगवलेले नसून खरोखर वाऱ्याबरोबर फिरले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

जहाजावर उतरताना विमान मागून येऊन जहाजाच्या डाव्या बाजूला, डेकच्या बाहेर समुद्रावर थांबते, जहाजाच्या वेगाशी वेग जुळवते, मग आडवे सरकून डेकवर येते आणि खाली बसते. डेकजवळ आल्यावर झोत खालून आदळून वर येतो. त्यातला काही भाग विमानाला आधार देतो, तर गरम वायू पुन्हा इंजिनात शिरला तर जोर कमी होतो. पोटाखाली बसवलेल्या तोफांच्या पेट्यासुद्धा या आधारात भर घालतात, म्हणजे तोफा काढल्या तर उतरण्याचे गणितही बदलते. शिवाय उतरताना अधिक जोर हवा असेल तर इंजिनात पाणी फवारता येते, पण विमानातले सगळे पाणी सुमारे दीड मिनिटात संपते. त्याआधी उतरणे झाले नाही तर पुढे काय, हा निर्णय आधीच घेतलेला असावा लागतो.

हवामानाचाही यात मोठा वाटा आहे. थंड हवा दाट असते आणि इंजिन तिच्यात अधिक जोर देते. दक्षिण अटलांटिकच्या थंडीत जे विमान न वापरलेल्या क्षेपणास्त्रांसह परत उतरू शकते, तेच अरबी समुद्राच्या मे महिन्यातल्या उकाड्यात वजन कमी केल्याशिवाय उतरू शकणार नाही. एफए २ ला ब्रिटिश नौदलाने २००६ मध्ये निवृत्त केले, त्यामागे आखाती प्रदेशाच्या उष्णतेत पुरेसे वजन घेऊन उतरता न येणे हे एक कारण होते. म्हणजे हवेचे तापमान ही सिम्युलेटरमधली शोभेची गोष्ट नाही; या विमानाच्या बाबतीत ती मोहिमेचा निकाल ठरवते.

रडारच्या बाबतीत मागणी करणाऱ्याने प्रामाणिक असावे. ब्लू फॉक्स हे फेरांती कंपनीने हेलिकॉप्टरसाठीच्या सीस्प्रे रडारवरून विकसित केले. त्यात डॉप्लर तंत्र (हलत्या वस्तूचा प्रतिध्वनी वेगळा काढणारे) नव्हते, त्यामुळे वरून खाली पाहताना लाटांच्या किंवा जमिनीच्या प्रतिध्वनीतून खाली उडणारे विमान वेगळे ओळखणे त्याला कठीण जाई. आधुनिक विमानांची सवय लागलेल्या खेळाडूला ही उणीव वाटेल, पण विमानाचा स्वभाव तोच आहे. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धात सी हॅरियरच्या वैमानिकांनी बरेचदा जहाजांवरून मिळणाऱ्या सूचना आणि स्वतःचे डोळे यांवर विसंबून शत्रू गाठला. त्यांनी २० अर्जेंटिनी विमाने पाडली आणि हवाई झुंजीत स्वतःचे एकही विमान गमावले नाही. जी सहा सी हॅरियर गेली त्यांतली दोन जमिनीवरच्या माऱ्याने आणि चार अपघातांत गेली. साइडवाइंडर या उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राची नवी आवृत्ती समोरूनही डागता येत होती, तरी प्रत्यक्षात ती जवळजवळ नेहमी मागूनच डागली गेली. झुंजीत नळ्या अचानक वळवून शत्रूला पुढे जाऊ देण्याच्या युक्तीची फार चर्चा होते, पण त्या युद्धात तिचा वापर झाला नाही. मागणीत ‘ती युक्ती करता आली पाहिजे’ असे लिहिण्याऐवजी ‘रडार आपल्या मूळ मर्यादांसह करा’ असे लिहिणारा माणूस विषय जाणतो, हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

यापुढचा प्रश्न कागदपत्रांचा, आणि बहुतेक ब्रिटिश विमाने इथेच अडतात. अमेरिकी सरकारने स्वतः तयार केलेल्या साहित्यावर त्या देशात कॉपीराइट नसतो. म्हणून तिथल्या जुन्या विमानांच्या वैमानिक-पुस्तिका सहज मिळतात आणि मोकळेपणाने वापरता येतात. ब्रिटनमध्ये सरकारी साहित्यावर क्राउन कॉपीराइट असतो, आणि लष्करी पुस्तिका गोपनीयतेतून मुक्त झाली तरी तिचा वापर करण्याची परवानगी हा वेगळा विषय राहतो. तिथल्या सरकारी नोंदी पूर्वी ३० वर्षांनी खुल्या होत, २०१३ पासून टप्प्याटप्प्याने ही मुदत २० वर्षांवर आणली गेली. तरी संरक्षणाशी संबंधित कागद त्याहून अधिक काळ रोखून धरता येतात. म्हणून १९८२ सालचे एफआरएस १ मागणे हे एफए २ मागण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. एफए २ चे ब्लू व्हिक्सन रडार आणि लांब पल्ल्याचे अमराम क्षेपणास्त्र यांची माहिती मिळवणे आजही अवघड आहे.

इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगितली पाहिजे. मागणी वजनदार व्हावी म्हणून कुठूनतरी मिळालेली गोपनीय किंवा निर्बंध असलेली पुस्तिका तिला जोडू नये. वॉर थंडर या खेळाच्या एका खेळाडूने २०२१ मध्ये चॅलेंजर २ या ब्रिटिश रणगाड्याच्या पुस्तिकेतली पाने ‘तुमचे प्रतिरूप चुकीचे आहे’ हे सिद्ध करण्यासाठी उघड केली, आणि ती तातडीने हटवावी लागली. ईगल डायनॅमिक्सच्या एका कर्मचाऱ्यावरही एफ-१६ च्या पुस्तिकांच्या खरेदीवरून अमेरिकेत खटला झाला. असे कागद हाती आलेला निर्माता त्या विमानापासून कायमचा दूर राहणे पसंत करील, म्हणजे जे विमान मिळवायचे त्याचाच मार्ग आपण बंद करू.

कागदांनंतर प्रत्यक्ष विमान. आजचे निर्माते संग्रहालयातल्या विमानाचे लेझरने मोजमाप घेतात आणि हजारो छायाचित्रांवरून त्याची आकृती बांधतात. अडचण अशी की, युद्धातून वाचलेल्या एफआरएस १ विमानांपैकी बहुतेकांचे पुढे एफए २ मध्ये रूपांतर झाले. त्यांचे नाक बदलले, शेपटीकडचा भाग लांबवला गेला. एफआरएस १ च्या मूळ रूपातले विमान येओव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म संग्रहालयात आहे, पण अशी विमाने ब्रिटनमध्ये मोजकीच उरली. अमेरिकेत आर्ट नॉल्स या निवृत्त मरीन वैमानिकाने एक सी हॅरियर स्वतः विकत घेऊन पुन्हा उडवले, मात्र तेही एफए २ आहे.

गोव्याचा संबंध इथे येतो. भारतीय नौदलाने १९७९ मध्ये सी हॅरियर मागवली आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली विमाने दाबोळीला उतरली. पुढे नौदलप्रमुख झालेले अरुण प्रकाश तेव्हा ही विमाने उडवणाऱ्या ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. एफआरएस ५१ हे या भारतीय आवृत्तीचे नाव. तिच्यावर साइडवाइंडरऐवजी फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्र होते, आणि नंतर काही विमानांना इस्रायली रडार व डर्बी क्षेपणास्त्र मिळाले. पण ही विमाने एफए २ झाली नाहीत. त्यांचे बाह्यरूप शेवटपर्यंत एफआरएस १ चेच राहिले. फॉकलंडमध्ये ज्या हर्मिस जहाजावरून सी हॅरियर लढली, तेच जहाज १९८७ मध्ये विराट होऊन भारतात आले. विमाने मे २०१६ मध्ये आयएनएस हंसा या दाबोळीच्या नौदल हवाई तळावर निवृत्त झाली आणि त्यांतले एक दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात उभे आहे. म्हणून मराठी किंवा कोकणी बोलणारा खेळाडू या मागणीत केवळ एक सही वाढवत नाही. त्या विमानाच्या चाकांचे खण, झडपांची तोंडे, नळ्यांभोवतीच्या उष्णतेने काळवंडलेल्या पट्ट्या, नाकावरचे पाते यांची मोजपट्टीसह, संग्रहालयाचे नियम पाळून काढलेली छायाचित्रे तो निर्मात्यापुढे ठेवू शकतो. भारतीय रंगसंगती आणि मॅजिक क्षेपणास्त्र यांची जोड मागणीत असावी, पण तळटीप म्हणून; मुख्य विमान १९८२ चेच ठेवावे, कारण एकाच मॉड्यूलमध्ये दोन रडार मागितली की काम जवळजवळ दुप्पट होते.

लढायला जागा आणि प्रतिस्पर्धीही लागतो. दक्षिण अटलांटिकचा नकाशा डीसीएसमध्ये २०२२ मध्ये आला, ही मागणीच्या बाजूची फार भक्कम गोष्ट आहे. हर्मिसचा १२ अंशांचा आणि इन्व्हिन्सिबल या दुसऱ्या जहाजाचा ७ अंशांचा स्की-जंप (डेकच्या टोकाचा वर चढणारा उतार) वेगवेगळा असल्याने, कोणत्या जहाजावरून उडायचे हेही लिहावे. धावेची लांबी आणि उड्डाणाचे वजन त्यावर ठरते. शत्रूपक्षात स्कायहॉक, डॅगर, मिराज ३ आणि सुपर एतांदार ही विमाने होती. स्कायहॉकचे एक मोफत मॉड्यूल खेळाडूंनीच एकत्र येऊन तयार केले आहे, मात्र ते ‘ई’ प्रकारचे आहे आणि अर्जेंटिनाकडे ‘बी’, ‘सी’ व ‘क्यू’ प्रकार होते. बाकीची विमाने खेळाडूला उडवता आली नाहीत तरी चालेल, संगणकाने उडवलेली पुरतात. ‘आधी संगणकाने उडवायचे डॅगर द्या’ ही छोटी मागणी स्वतंत्रपणे केली तर ती मान्य होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि ती पुरी झाली की सी हॅरियरची बाजू आपोआप बळकट होते.

राहिला प्रश्न कोणाकडे मागायचे याचा. असे मॉड्यूल उभे करायला उड्डाणगणित, त्रिमिती चित्रण आणि प्रणालींचे प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्या लोकांची काही वर्षे जातात, विमानाचे नाव वापरण्यासाठी बीएई सिस्टिम्ससारख्या हक्कधारकाशी बोलावे लागते, आणि विक्रीनंतरही सिम्युलेटरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर दुरुस्ती करत राहावे लागते. ब्रिटिश हॉक विमानाचे मॉड्यूल डीसीएसमध्ये होते. ते बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये काम थांबवले आणि पुढच्या आवृत्त्यांत ते चालेनासे झाले. पैसे मोजून घेतलेले विमान असे हातचे गेल्याचे दुःख ब्रिटिश विमानांच्या चाहत्यांना नीट माहीत आहे. एव्ही-८बी आणि दक्षिण अटलांटिकचा नकाशा बनवणारी रॅझबॅम कंपनी आणि ईगल डायनॅमिक्स यांच्यातला पैशांचा वादही २०२४ मध्ये उघड झाला. म्हणून मागणी मूळ कंपनीच्या नावाने हवेत सोडण्यापेक्षा, याच काळातल्या जेट विमानांवर काम केलेल्या आणि ती सांभाळून दाखवलेल्या निर्मात्याला उद्देशून लिहावी. व्हिगेन आणि टॉमकॅट या विमानांची मॉड्यूल करणाऱ्या हीटब्लरसारख्या गटाला जुने, अडचणीचे रडार जसेच्या तसे उभे करण्याचा अनुभव आहे, आणि ब्लू फॉक्ससाठी तोच लागतो.

प्रत्यक्ष मजकूर एका पानात बसावा. पहिल्या परिच्छेदात नेमका प्रकार आणि वर्ष: सी हॅरियर एफआरएस १, १९८२ ची जुळणी, दोन साइडवाइंडर, दोन एडन तोफा, पंखांखाली इंधनाच्या टाक्या. दुसऱ्यात एव्ही-८बीपेक्षा हे वेगळे कसे, तीन-चार वाक्यांत. तिसऱ्यात उघडपणे उपलब्ध असलेली साधने: कोणत्या संग्रहालयात कोणते विमान उभे आहे, कोणत्या नोंदी खुल्या झाल्या आहेत, ते विमान उडवलेली किंवा सांभाळलेली कोणती माणसे बोलायला तयार आहेत. गोव्यात, मुंबईत आणि पुण्यात नौदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ राहतात; त्यांच्यापैकी कोणी तयार असेल, तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी आणि गोपनीय गोष्टी विचारू नयेत. इंजिन सुरू होतानाचा आवाज कसा चढत जाई, दांडी हातात किती जड लागे, डेकवर उभे असताना झोताची झळ कुठपर्यंत येई, अशा प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तिकेत नसतात आणि त्यांवर कसले निर्बंधही नसतात. शेवटच्या परिच्छेदात नकाशा, जहाज आणि शत्रूपक्ष यांची आजची स्थिती लिहून, त्यांतले काय आधी हवे ते सांगावे. मजकूर इंग्रजीत पाठवावा लागेल. तो पाठवण्यापूर्वी विमानाचा इतिहास जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा, कारण प्रकाराचा एक आकडा चुकला तरी वाचणारा पुढचे सगळे संशयाने वाचतो. उत्तर आले नाही तर तोच मजकूर पुन्हा पाठवू नये. नवे छायाचित्र, नवी खुली झालेली नोंद किंवा नवा साक्षीदार मिळाला की त्याची भर घालून पाठवावा.